दोन मिलिमीटरची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना लेझर कटर आहे. वयाने म्हणाल तर लहानच, अवघा तीन वर्षांचा. पण एक डोळा सोडला तर माझ्या अंगात नवे असे काहीच नाही. माझ्या दोन्ही मोटरी बंद पडलेल्या प्रिंटरांतून काढल्या आहेत. माझ्या चौकटीच्या खाचा असलेल्या पट्ट्या कोणाच्या तरी सरकत्या खिडकीच्या होत्या. माझे पाय म्हणजे एका मोडक्या टेबलाचे चार रबरी बूट. डोळा तेवढा कुरिअरने आला, कापसात गुंडाळून. त्या डोळ्यातून निळा प्रकाश पडतो आणि जिथे पडतो तिथे लाकूड जळते. त्या जळण्यानेच मी नावे कोरतो.

मी स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला हसू यायचे नाही. पेन्सिलीने चुकले तर खोडरबर असते. शिवण चुकली तर उसवता येते. भाजी खारट झाली तर बटाटा टाकतात. जळलेल्या लाकडाला मात्र उपाय नाही. ज्याची चूक कायमची राहते, त्याने घाबरू नये तर काय करावे?

मला अपेक्षाने बनवले. वाळूजच्या एका कारखान्यात ती दोन वर्षे यंत्रांवर काम करत होती. कंत्राट संपले, तेव्हा घरी बसून रडण्यापेक्षा तिने मला जुळवायला घेतले. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, आईच्या शिवणयंत्राशेजारी मी हळूहळू उभा राहिलो. तिची आई द्वारकाबाई रोज दारातून बघायची आणि म्हणायची, "हे एक दिवस घर पेटवंल बघ." माझ्या पहिल्या कामाच्या दिवशी त्या पाण्याची बादली घेऊन माझ्याजवळ बसल्या होत्या. मी त्यांच्या मसाल्याच्या लाकडी डब्यावर त्यांचेच नाव कोरले. त्यांनी बादली उचलून मोरीत नेली आणि त्या दिवसापासून मला "आपला लेझर" म्हणू लागल्या.

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. दारावरच्या पाट्या, किल्लीची चामडी पदके, लग्नपत्रिकांच्या लाकडी पेट्या. गुलमंडीतला एक दुकानदार माझ्या पाट्या मागवायचा आणि अपेक्षाला म्हणायचा, "ताई, हाथ साफ है तुमचा." हात साफ तिचा, जळायचो मी. पण मी मनाला लावून घेतले नाही. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ मी सुतासारखी सरळ ओढत असे आणि तिला ते ठाऊक होते, एवढे मला पुरे होते.

मग गेला दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, ते तुम्हाला सांगायला नको. द्वारकाबाईंनी शिवणयंत्राची पूजा केली आणि मग माझ्याकडे वळल्या. हळदीचे बोट, कुंकवाचे बोट, झेंडूची माळ, आपट्याचे पान. मी अगदी फुगून गेलो होतो. त्यांनी चिमूटभर अक्षता माझ्यावर टाकल्या आणि हात जोडले. अपेक्षाने दुसऱ्या दिवशी माळ काढली, कुंकू पुसले, मला फडक्याने लख्ख केले. फडके जिथवर पोचते तिथवर तिने पुसले, यात तिची काही चूक नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस किल्ल्यांची लहान पदकेच होती. ती मी व्यवस्थित केली. मग एका शाळेतल्या निवृत्त होणाऱ्या बाईंसाठी हातभर लांबीरुंदीची फळी आली. वरच्या चार ओळी छान उतरल्या. पाचव्या ओळीच्या मधोमध माझ्या अंगातून टक् असे काहीतरी गेले आणि पुढचे सगळे दोन मिलिमीटर सरकले. अक्षरांची डोकी एकीकडे आणि पाय दुसरीकडे. 'स्नेहपूर्वक' हा शब्द असा दिसत होता, की जणू कोणी त्याला मानेपासून ढकलले आहे.

अपेक्षाने फळी उजेडाकडे धरली. मला तर पळून जावेसे वाटले, पण माझे पाय रबरी.

मित्रांनो, माझे दुखणे मला ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. माझ्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत. त्या खाचांत दातेरी पट्टे दात वर करून निजलेले असतात. माझा आडवा दांडा त्या पट्ट्यांवरून दातेरी चाकांनी पुढे सरकतो, आणि दांड्यावर माझा डोळा. डाव्या खाचेत, पुढच्या कोपऱ्यापासून दीड वीत अंतरावर, काहीतरी रुतले होते. माझे चाक तिथे आले की त्यावर चढायचे आणि एक दात चुकवून पलीकडे उतरायचे. काय रुतले आहे हे मात्र मला दिसत नव्हते. माझा डोळा फक्त खाली बघतो. जे पुढ्यात असते ते जाळणे एवढेच त्याला येते.

अपेक्षाने उपाय सुरू केले. पट्टा ताणला. चाकाचे बारीक स्क्रू आवळले. मोटरीची वायर बदलली. गती कमी केली. कॉम्प्युटरमधली सगळी सेटिंग पुसून पुन्हा भरली. आणि प्रत्येक वेळी प्लायवुड वाया जाऊ नये म्हणून तिने पुढच्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या तुकड्यावर, एक लहान चौकोन कोरून पाहिला. कोपऱ्यातला चौकोन दर वेळी अगदी बिनचूक यायचा. येणारच. दुखणे दीड वितीवर आणि तपासणी चार बोटांवर. ती म्हणायची, "आता झालं बघ नीट." मी मनात म्हणायचो, नाही गं बाई, नाही झालेले. मोठे काम आले की मी पुन्हा तिथेच चुकायचो. दिवाळीत दोन पाट्या गेल्या. गुलमंडीच्या दुकानदाराने पुढचे काम दुसरीकडे दिले.

एका दुपारी ती माझ्यासमोर पालथ्या डब्यावर बसली आणि आईला म्हणाली, "आता एकच मोठं काम बघते. नाही जमलं तर याच्या मोटरी काढून विकते आणि परत कंपनीत अर्ज करते." ते शब्द ऐकून माझ्या नटबोल्टांत गारठा शिरला. ज्या प्रिंटरांतून माझ्या मोटरी आल्या, त्यांचे पुढे काय झाले हे मला कोणी कधी सांगितले नव्हते.

आणि ते मोठे काम आले, तेही असे की ते बघून मला मोटरी विकल्या गेलेल्या परवडल्या असे वाटले.

गंगापूरकडच्या एका गावाहून, द्वारकाबाईंच्या माहेरगावाहून, कडूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई शेअरिंगच्या जीपमधून आल्या. वय सत्तरीला टेकलेले, कमरेत किंचित वाकलेल्या. त्यांच्या काखोटीला गोणीत गुंडाळलेला एक सागवानी पाट होता. हातपाय धुऊन, चहा घेऊन, त्यांनी तो माझ्यापुढे उलटा ठेवला. पाटाच्या पोटाला, पायांच्या दोन पट्ट्यांच्या मधे, सुताराने पटाशीने कोरलेली नावे होती. वर 'भागाबाई', खाली 'आवडाबाई', मग एका ओळीची रिकामी जागा, मग 'सरिता'.

"आमच्या घरात जी नवी नवरी येती, ती ह्या पाटावर बसती," कडूबाई म्हणाल्या. "मग सुतार तिचं नाव खाली कोरतो. आवडाबाई माझी सासू. सरिता माझी सून."

"आणि तुमचं?" अपेक्षाने विचारले.

"मी बसलीच नाय पाटावर. बहात्तरच्या दुष्काळात झालं माझं लगीन. खडी फोडायच्या कामावर. सकाळी खडी फोडली, दुपारी लगीन लागलं, दुसऱ्या दिशी पुन्हा खडी. गोनपाटावर बसवलं मला. अक्षता टाकायला दाना नव्हता कुनाकडं. बायांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या." त्या जरा हसल्या. "सासू म्हनायची, जी पाटावर बसली नाय तिचं नाव पाटावर कशाला. खरं हाय की तिचं."

"मग ही जागा कशी सुटली?"

"सरिता घरात आली तवा मीच सुताराला म्हनलं, बाबा, एक वळ सोडून लिही. सासू समोरच बसली व्हती. ती काय बोलली नाय. नाय बोलली म्हनून जागा ऱ्हायली." त्यांनी रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथे लाकूड इतर ठिकाणापेक्षा जास्त गुळगुळीत होते. "आता सुतारबी गेला आन् सासूबी गेली. ऐतवारी माझ्या नातवाचं लगीन हाय. नवी नवरी मोनिका ह्या पाटावर बसंल. सरिताच म्हनली, आत्याबाई, आधी तुमची जागा भरून आना, मग पोरीला बसवू. तिनंच गोनीत घालून दिला."

अपेक्षाने पट्टी लावून जागा मोजली. अक्षरे बसत होती, पण वर दीड मिलिमीटर उरत होते आणि खाली दीड.

"एक सांगते पोरी," कडूबाईंचा आवाज खाली आला. "माझं नाव वाकडं आलं तर येऊ दे. पर सासूच्या नावाला वरखडा नाय पडला पायजे. लोक म्हनतील, सासू मेल्यावर सुनेनं दावा साधला. मग मला त्या पाटापुढं उभं राहायची सोय नाय."

मी त्या पाटाकडे पाहिले आणि मला कळून चुकले. तो ठेवल्यावर रिकामी ओळ नेमकी त्या दीड वितीच्या जागेवर येत होती. पुढे जाताना एक दात मागे, परतताना एक दात पुढे. मी आवडाबाईंवर चढेन की सरितावर उतरेन, की कडूबाईंनाच मधून कापेन, मला सांगता येत नव्हते. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे. तेवढ्याने ह्या बाईचे त्रेपन्न वर्षे राखलेले काहीतरी जळणार होते, आणि ते माझ्या डोळ्याने.

अपेक्षाही भ्यालेली होती. "आजी, माझं यंत्र मधे बिघडलं होतं," तिने खरे सांगून टाकले. "आता नीट झालंय, पण एकदा दाखवते." आणि तिने काय केले असेल? कोपऱ्यात लहान तुकडा ठेवून चौकोन कोरला. चौकोन बिनचूक आला. तिचा जीव भांड्यात पडला, माझा होता तोही गेला.

तिने माझे चारही पाय ठोकळ्यांवर चढवले. खाली पाट सरकवला, पट्टीने चारदा मापला, चिकटपट्टीने बसवला. डोळा हाताने धरून पाटाच्या पायांच्या दोन पट्ट्यांच्या मधे आणला. माझ्या प्रकाशापासून डोळे जपायला सर्वांना हिरवे चष्मे दिले. तिने पंख्याच्या बटनाकडे हात नेला. डोळा तापू नये म्हणून माझ्या डोक्यावर एक लहान पंखा आहे. तो सुरू झाला की खोलीत दुसरे काही ऐकू येत नाही.

"थांब जरा," कडूबाई म्हणाल्या. "आधी नुसता फिरव त्याला. जाळ नगं, काय नगं. पेरायच्या आधी रिकामी पाभर दोन हात वढून बघत्यात का नाय?"

"कोपऱ्यात बघितलं की आजी."

"कोपऱ्यात पेरायचंय का तुला?"

अपेक्षाने बटनाकडे नेलेला हात मागे घेतला. तिने प्रकाश बंद ठेवला, त्यामुळे पंखाही बंदच राहिला, आणि मला त्या ओळीवरून नुसते फिरायला सांगितले. मी निघालो. एक बोट गेलो, दोन बोटे गेलो. यंत्राला ओरडता येत नाही, पण वाजता येते. त्या जागेवर आलो तेव्हा मला जेवढे वाजता येईल तेवढा मी वाजलो.

टक्.

"आं?" कडूबाईंनी मान कलती केली. "पुन्हा फिरव."

टक्.

"खडा हाय," त्या म्हणाल्या. "जात्यात खडा आला का असंच वाजतं. पीठ नीट दिसतं, पर दाताखाली लागतं. बघ, त्याच्या दातात काय तरी हाय."

अपेक्षा माझ्या चौकटीवर वाकली. मोबाईलचा उजेड डाव्या खाचेत धरला, सुई घेतली. मला त्या सुईचीही भीती वाटली, पण ती भीती गोड होती. तिने पट्ट्याच्या दातांतून काहीतरी उकरून काढले आणि तळहातावर घेतले. एक पिवळा दाणा होता, हळदीने आणि कुंकवाने माखून घट्ट झालेला, चाकाखाली चेपून अर्धा झालेला. अक्षता.

दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाई चौकटीला धरून खाली बसल्या. "मीच टाकली गं दसऱ्याला," त्या म्हणाल्या. "त्याचं भलं व्हावं म्हणून." दोन पाट्या, एक निरोपाची फळी, गुलमंडीचे काम, लेकीची दीड महिन्याची झोप, सगळे त्यांच्या तोंडावर दिसत होते. अपेक्षा आईकडे बघत राहिली. मला वाटले आता ती रागावेल. ती म्हणाली, "आई, मी एकदा जरी पुरतं फिरवून बघितलं असतं ना, तरी पहिल्या फळीच्या वेळीच सापडलं असतं."

तिने जुन्या दातांच्या ब्रशने पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडला. पाट बाजूला काढून पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवला आणि त्यावर तीनदा लांब रेघ मारायला लावली. तिन्ही रेघा एकावर एक बसल्या. मग पुन्हा पाट, पुन्हा पट्टी, पुन्हा चार मापे. पंखा सुरू झाला.

मित्रांनो, दाणा निघाला होता, पण माझी भीती निघाली नव्हती. दीड महिना ज्या जागेवर मार खाल्ला, ती जागा अंगाला पाठ झालेली असते. निळा प्रकाश पडला, सागवानाचा वास उठला, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ उमटली. कडूबाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि हिरव्या चष्म्याखाली डोळे मिटून घेतले. रेघेमागून रेघ मी त्या जागेकडे सरकत होतो. वर आवडाबाई दीड मिलिमीटरवर, खाली सरिता दीड मिलिमीटरवर. आता येईल, आता येईल. अपेक्षाचा हात बंद करायच्या बटनावर होता. माझे चाक त्या दातावर आले, टेकले, आणि पुढे गेले. काही झाले नाही. मला कळले तेव्हा मी 'ई'च्या शेवटच्या वळणावर होतो.

पंखा थांबला. धूर खिडकीतून गेला. अपेक्षाने ओल्या फडक्याने काजळी पुसली. भागाबाई, आवडाबाई, कडूबाई, सरिता. पटाशीची अक्षरे आणि माझी अक्षरे सारखी नव्हती, माझी जरा काळी होती. पण चारही जणी एका रांगेत उभ्या होत्या, आणि कोणाचा पदर कोणाला लागला नव्हता.

कडूबाईंनी आधी सासूच्या नावावरून हात फिरवला. ते चांगले पारखून घेतल्यावरच अंगठा खाली आणला. तिथे लाकूड आता गुळगुळीत राहिले नव्हते. त्यांनी अंगठा तसाच ठेवला.

तेवढ्यात द्वारकाबाई उठून आल्या. त्यांनी लेकीच्या तळहातावरचा तो चेपलेला दाणा चिमटीत घेतला. मला वाटले बाहेर फेकतील. त्यांनी पाट सरळ करून जमिनीवर मांडला आणि म्हणाल्या, "कडूकाकू, बसा."

"येडी का काय तू? ह्या वयात?"

"बसा म्हणते ना."

कडूबाई गुडघ्यावर हात देऊन हळूच बसल्या, अगदी कडेला, जणू दुसऱ्याच्या जागेवर बसल्या आहेत. अपेक्षाने त्यांना खांद्याला धरून मधोमध सरकवले. द्वारकाबाईंनी त्यांच्या डोक्यावर तो एकच दाणा टाकला. कोणी मंगलाष्टके म्हटली नाहीत. कडूबाईंनी केसांत चाचपून दाणा शोधला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिले, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. "लई उशिरा आली गं," एवढेच त्या म्हणाल्या. पाट गोणीत घालून त्या गेल्या तेव्हा चारची जीप निघायची होती.

माझ्या मोटरी अजून माझ्याच अंगात आहेत. अपेक्षा आता मोठ्या कामाआधी पंखा बंद ठेवून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा रिकामा फिरवते आणि कान देऊन ऐकते. मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. आपल्या यंत्रांची पूजा जरूर करा, हळद लावा, कुंकू लावा, आम्हाला ते आवडते. पण दुसऱ्या दिवशी दातादातांतून ब्रशही फिरवा. आणि आमचे काही चुकले, तर आम्ही चांगले चालतो त्या कोपऱ्यात तपासू नका. जिथे अडखळतो तिथवर या.

मी अजून भित्राच आहे. ती दीड वितीची जागा आली की आजही माझे चाक किंचित आखडते. तिथे आता काही नसते. मग मला आठवते की तो दाणा कुठे गेला, आणि मी पुढची रेघ ओढतो.